अठ्ठावीस ब्रश आणि भीमाबाईचं बोट

तंबाखूने दात घासणाऱ्या बाईनं पोरांना ब्रश करायला शिकवू नये, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे आधी वाचावं आणि मग बोलावं. आमच्या वस्तीत बोलणारे पुष्कळ आहेत. सकाळी सात वाजता तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा कोंबून आरोग्यावर बोलणारेही आहेत. त्यांच्यावर कुणी रिपोर्ट लिहीत नाही. रिपोर्ट भीमाबाईवर लिहिला गेला.

भीमाबाई गजभिये. वय त्रेपन्न. कळमन्याच्या मार्केटपासून पायी वीस मिनिटांवर आमची वस्ती आहे, तिथल्या अंगणवाडीत ती मदतनीस आहे. सेविका शिकवते आणि मदतनीस उरलेलं सगळं करते. कुलूप उघडायचं, झाडायचं, घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, भांडी घासायची, शेंबडी नाकं पुसायची. आमची सेविका चारुशीला भली बाई आहे, पण तिचा अर्धा दिवस मोबाइलमध्ये माहिती भरण्यात जातो. त्यामुळे पोरांना दिवसभर जे माणूस दिसतं ते भीमाबाई. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यावरूनच झालं.

दोन वर्षांपूर्वी वस्तीत एका खाजगी डेंटल कॉलेजचं शिबिर झालं. बॅनर मंडपापेक्षा मोठा. प्लास्टिकचा जबडा उघडून-मिटून भाषण झालं, प्रत्येक पोराच्या हातात ब्रश आणि पेस्ट दिली, फोटो निघाले, गाडी गेली. पंधरा दिवसांनी पोरं गोळा करायला गेलेल्या भीमाबाईनं त्या ब्रशांचं काय झालं ते घरोघरी पाहिलं. एकानं गॅसचा बर्नर साफ होत होता. एकानं पोराचा बाप केसांना डाय लावत होता. एका घरात आजोबापासून नातवापर्यंत सहा तोंडं एकाच ब्रशवर होती, आणि वरून म्हणत होती, "घासतो ना बाई, रोज घासतो."

भीमाबाई दुसऱ्या दिवशी थेट कॉलेजात. वॉचमननं अडवलं, तर तिनं शिबिराचा फोटो मोबाइलवर दाखवला.

"ह्या फोटोत अठ्ठावीस पोरं हायेत. मले अठ्ठावीस ब्रश पाह्यजे. नाही तं पोरायचे फोटो परत द्या."

ब्रश मिळाले. पेस्टही मिळाली. दर तीन महिन्यांनी ती अजून जाते आणि आता वॉचमनच आत फोन लावतो.

हे ब्रश तिनं घरी जाऊ दिले नाहीत. जुन्या चादरीवर खिसे शिवले आणि चादर ऊन येणाऱ्या खिडकीशी टांगली. प्रत्येक खिशात एक ब्रश, डोकं वर, एकाचं डोकं दुसऱ्याला लागणार नाही असं. पोरांना वाचता येत नाही म्हणून प्रत्येक खिशावर वेगळं बटण लावलं. कुणाचं शाळेच्या शर्टाचं, कुणाचं कोटाचं मोठं. आपलं बटण पोरं कधी चुकत नाहीत.

राहिला प्रश्न वेळेचा. दोन मिनिटं घासायचं, असं डॉक्टर सांगून गेले होते. पाच वर्षांच्या पोराला दोन मिनिटं म्हणजे काय कळणार? भीमाबाईनं हजेरी दुपारवर नेली. खिचडी झाली की पोरं बाहेरच्या ओट्याशी रांगेत बसतात, ब्रशवर तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट, आणि ती अठ्ठावीस नावं घेते. आडनावासकट, सावकाश. आपलं नाव आलं की मोकळा हात वर करायचा. हजर म्हणायचं नाही, तोंडात फेस असतो. शेवटचं नाव होईपर्यंत ब्रश थांबवायचा नाही. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. दोन मिनिटं दहा सेकंद होतात.

वस्तीनं याचं कौतुक केलं असेल, असं वाटत असेल तर तुम्ही आमची वस्ती पाहिलेली नाही. सगळ्यात आधी रुखमाबाई उखडली. रुखमाबाई ही दीक्षाची आजी. दीक्षाची आई पहाटेच कळमन्याला मिरच्या निवडायला जाते, पोर आजीकडे असते. दीक्षाचे वरचे पुढचे चार दात काळे, खुंट झालेले. मागची एक दाढ पोखरलेली. पोर रडायला लागली की आजी तिला चहात बिस्किट बुडवून द्यायची. गोडानं दात किडायचा, किडलेला दुखायचा, दुखलं की पुन्हा गोड.

"काहून वं भीमा," रुखमाबाई ओट्यावर येऊन म्हणाली, "दुधाचे दात तं पडनारच हायेत. त्याले घासून काय करून राहिली तू?"

"तुई नात मोठी होऊन सासरी जानारच हाये. मंग आज तिले जेवाले काहून देतं?"

"दातासाठी नातीले सासरी धाडते, पाहा माय."

"तुयाच नातीच्या तोंडात पाहा. आतले पक्के दात याच्यामागूनच येनार हायेत. सडक्या दाराशी कोनी नवी चौकट लावत नाही."

रुखमाबाई गेली, पण तिच्याजवळ एक उत्तर होतं आणि ते तिनं तेव्हा दिलं नाही. भीमाबाईलाही ते माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी तिनं भांडण लवकर मिटवलं. नाहीतर ती भांडण अर्धवट सोडणारी नाही.

ते उत्तर भीमाबाईच्या कमरेला होतं. गुडाखूची डबी. गुळात कालवलेली काळी, ओली तंबाखू. बोटावर घ्यायची, दातांवर फिरवायची, डोकं हलकं झालं की थुंकायचं. आमच्याकडे निम्म्या बायांचं सकाळचं दात घासणं हेच आहे आणि त्याला त्या व्यसन म्हणत नाहीत. मंजन म्हणतात. भीमाबाईचं माहेर खाप्याचं. बाप हातमागावर, आणि पोरींनी सकाळपासून सुताच्या कांड्या भरायच्या. नऊ वर्षांची असताना तिची दाढ दुखायला लागली. आईनं आपल्या डबीतली चिमूट दाढेवर दाबली. दुखणं गेलं, भूक गेली, पोर कांड्या भरत बसली. आईचं काम झालं. दाढ पुढे पडली, डबी राहिली. चव्वेचाळीस वर्षं.

आता कुणी शहाणा म्हणेल, आई अडाणी होती. अडाणी नव्हती. दवाखाना लांब होता आणि डबी जवळ होती. आजही तिकडे शहरात, धंतोलीत, दातांचे दवाखाने रांगेनं उभे आहेत, पण आमच्या गल्लीला डबीच जवळ पडते.

मागच्या जानेवारीत एका सकाळी पोरं आत नव्हती. भीमाबाई शोधत अंगणवाडीच्या मागं गेली. तिथे भिंतीच्या आडोशाला पाच पोरं उकिडवी बसली होती, एका रांगेत. समोर पळसाच्या पानावर विटेचा चुरा. पाचही जण डाव्या हातानं गुडघा धरून, उजव्या हाताचं बोट दातांवर फिरवत होते, डोळे अर्धे मिटून. मधूनच एक जण पचकन थुंकायचा.

"काय खेळून राहिले रे?"

"भीमाबाई-भीमाबाई," एक पोरगं म्हणालं.

"तू बोलू नको," दीक्षानं त्याला दटावलं. "थुकल्यावर बोलतेत."

बसण्याची ती तऱ्हा, ते डाव्या हातानं गुडघा धरणं, सगळं हुबेहूब. रोज दहा वाजता खिचडी चुलीवर चढवून भीमाबाई याच जागी यायची. तिला वाटायचं, कुणी पाहत नाही. तिनं चार पोरांची बोटं पुसली. दीक्षाच्या बोटावर विटेचा चुरा नव्हता. काळं, ओलं, गोडसर वासाचं होतं. आजीनं दाढेवर लावायला दिलेलं पोरीनं पानाच्या कोपऱ्यात जपून आणलं होतं, खेळात खरं असावं म्हणून.

त्या दिवशी दुपारची हजेरी चारुशीलानं घेतली. भीमाबाई भांडी घासत राहिली, घासलेलीच परत घासत राहिली.

वस्तीत अशी गोष्ट संध्याकाळपर्यंत टिकत नाही. आठवड्यात सुपरवायझर आल्या, मिनल मॅडम. वयानं लहान, बोलायला गोड, फाइल छातीशी धरलेली.

"हा फलक कुणी लावला?" खिशांच्या चादरीकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"मी."

"यादीत असा उपक्रम नाही, मावशी. एका पोराला दुसऱ्याचा ब्रश लागला, इन्फेक्शन झालं, कुणी पेस्ट गिळली, तर जबाबदार कोण?"

"आजपर्यंत कोनी गिळली नाही. आन सडक्या दातायचं जबाबदार कोन हाये, ते यादीत पाहून सांगा."

मॅडमनी फाइल उघडली. "आणि तुम्ही स्वतः इथं तंबाखू वापरता, अशी तक्रार आहे. मुलं नक्कल करतात म्हणे. पुढच्या भेटीपर्यंत हा फलक निघाला नाही, तर दोन्ही गोष्टी रिपोर्टात जातील. मानधनावरच्या माणसाला काढायला वेळ लागत नाही, हे तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

भीमाबाईचा आवाज एरवी दोन गल्ल्या जातो. त्या दिवशी खाली होता.

"तंबाखूचं खरं हाये. त्याची जे सजा असंन ते मले द्या. पोरायच्या ब्रशानं कोनाचं काय वाकडं केलं?"

मॅडमनी फाइल मिटली. काय करायचं ते सांगून ठेवलेलं होतं. चारुशीलानं नंतर समजावलं, "मावशी, काढून टाका ना. पोरांना घरी घासायला सांगू." भीमाबाई म्हणाली, "घरी बर्नर घासतेत."

शनिवारी पालकसभा झाली. मीही गेलो होतो, अर्ज-बिर्ज लिहायचा असला तर लोक मला बोलावतात. विषय पोषण आहाराचा होता. भीमाबाई मधेच उभी राहिली. कमरेची डबी काढून तिनं सतरंजीवर ठेवली, सगळ्यांच्या समोर.

"पोरं माया नकला करून राहिले. तुमी सगळ्यायनं आयकलं असंनच. रुखमाबाई, तू पहिले आयकलं असंन."

बाया हसल्या. रुखमाबाई हसली नाही.

"मी आजपासून हे सोडतो. माया एक ब्रश तिथी लागंन, एकोनतिसावा. पोरायसंग घासनार. आन माया शब्द हाये: ज्या दिवशी माया बोटाले गुडाखू लागंन, त्या दिवशी हे सगळे खिसे मी माया हातानं उतरवीन. कोनी पाह्यलं काय, नाही पाह्यलं काय."

"दोन दिवस निभनार नाही तुले," रुखमाबाई म्हणाली. "तिसऱ्या दिवशी पोट साफ नाही होनार, मंग डबी शोधत फिरशीन."

आता मात्र बायका खदखदून हसल्या, कारण प्रत्येकीला माहीत होतं की हे खरं आहे.

"आन निभलं तं?" भीमाबाईनं विचारलं. "पंधरा दिवस निभलं तं तू काय करशीन?"

"मी काहून करू?"

"घाबरली का?"

रुखमाबाईला सगळं चालतं, हे चालत नाही. "पंधरा दिवस तू ऱ्हाऊन दाखव. मी दीक्षाले मेडिकलले नेतो, दाढ दाखवतो. तिच्या तोंडात डबी नाही जानार मंग."

पहिला आठवडा आम्ही सगळ्यांनी भोगला. भीमाबाईचं डोकं ठणकायचं, आणि जीभ आधीच तिखट, ती आता नुसती फोडणी. दूधवाल्याशी भांडली, चारुशीलाशी भांडली, एका बकरीशी भांडताना मी स्वतः पाहिलं. रुखमाबाईचं भाकीतही खरं ठरलं. तिसऱ्या दिवशी भीमाबाई लोटाभर कोमट पाणी पिऊन तासभर फिरली आणि जाताना रुखमाबाईच्या दारासमोरून मुद्दाम गेली.

पोरांनी मात्र कारभार हातात घेतला. रोज सकाळी भीमाबाई घरासमोर आली की पोर तिचं बोट धरायचं आणि वास घ्यायचं. हे कुणी शिकवलं नव्हतं. दीक्षा त्यात प्रमुख. "आज हळद." "आज लसूण." "आज राख." पास झालं की पोरं चालायला लागायची. सोळाव्या दिवशी रुखमाबाई नातीला घेऊन मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, दातांच्या दवाखान्यात गेली. दाढ काढावी लागली नाही. तीन चकरांत साफ करून भरली. तिथल्या डॉक्टरीण बाईनं रुखमाबाईला समोर बसवून सांगितलं, पोर सात-आठ वर्षांची होईस्तोवर रात्रीचा ब्रश मोठ्या माणसानं तिचा हात हातात धरून करायचा. रुखमाबाई घरी येऊन हे असं सांगत होती, जणू तिनंच शोधून काढलं.

एकोणचाळिसाव्या दिवशी भीमाबाईच्या घरी फळीवरचे डबे धुताना एक जुनी डबी सापडली. तळाला वाळलेलं थोडं होतं. तिनं थेंबभर पाणी टाकलं. पहाट होती, घरात सगळे झोपलेले. नंतर तिनं बोट साबणानं तीनदा धुतलं.

सकाळी दीक्षानं वास घेतला. "साबण," ती म्हणाली, आणि पास केलं.

भीमाबाईनं मला नंतर सांगितलं, "डोक्श्यात कोनी दगड मारला असता तं चाललं असतं. त्या पोरीनं पास केलं मले."

दुपारी तिनं हजेरी घेतली. पोरांनी ब्रश केले, खिशांत ठेवले. आया न्यायला आल्या, तेव्हा तिनं स्टुलावर चढून खिळ्यांवरून चादर काढली, ब्रशांसकट घडी केली आणि सगळं सांगितलं. डबी, पाणी, साबण, सगळं.

"येकच वेळ ना?" एक आई म्हणाली. "कोनी पाह्यलं थोडी."

"शब्दात वेळा नव्हत्या."

"भीमा, तू येडी होय," रुखमाबाई म्हणाली. "पोरायनं उद्या काय करायचं?"

"मले इचारू नको. मी हारली."

दुसऱ्या दिवशी बाराला पोरं सवयीनं ओट्याशी रांगेत बसली. तोंडं उघडी, हात रिकामे. भीमाबाईनं हजेरी घेतली नाही. ती आत चुलीशी बसली होती. आणि नेमक्या त्याच वेळी मिनल मॅडम आल्या.

मोकळ्या भिंतीकडे पाहून त्यांना बरं वाटलं. त्यांनी भेटवही मागवली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "सूचनेनुसार फलक काढून टाकल्याचे आढळले. मदतनीस यांचे सहकार्य समाधानकारक."

भीमाबाई चुलीजवळून उठली.

"मॅडम, ते खोडा. तुमच्या सूचनेनं नाही काढला."

"कशानंही असो, मावशी. निघाला ना? तुमचंच भलं झालं. तंबाखूचंही मी आता लिहीत नाही."

"लिहा ना. ते खरं हाये, ते लिहा. खोटं हाये ते कायले लिहून राहिल्या? मी माया चुकीनं उतरवला. तुमाले भिऊन नाही."

"मग काय, परत लावणार आहात?"

इथं भीमाबाई अडकली. शब्द तिचा होता. मॅडमच्या डोळ्यांदेखत चादर परत लावावीशी वाटत होती आणि स्वतःच्याच बोलण्यानं हात बांधले होते. ती दाराकडे पाहत उभी राहिली. दारात रुखमाबाई बसली होती. नातीला न्यायला लवकर आली होती आणि पोर ओट्यावरून उठायला तयार नव्हती.

"शब्द तिनं आमाले देल्ला होता, मॅडम," रुखमाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "तुमाले नव्हता देल्ला. तं सोडाचा हक आमचा हाये. भीमा, लाव वं ते. आजपासून पुना एकपासून मोजू."

"रुखमा, पुना चुकली तं?"

"तं पुना उतरव, पुना लाव. तुले काम काय हाये दुसरं? आन मले पन एक खिसा शिव. ही पोट्टी घरी रोज माया बोट हुंगते."

भीमाबाई स्टुलावर चढली. चादर टांगली, खिळे चाचपले, ब्रशांची डोकी सारखी केली. मॅडम म्हणाल्या, "मला हे लिहावं लागेल." भीमाबाई खाली उतरली, ओट्यावर हजेरी घेतली, अठ्ठावीस नावं, सावकाश, आडनावासकट, आणि मॅडमना तेवढा वेळ थांबावं लागलं, कारण त्यांच्यासमोरची भेटवही भीमाबाईनं जाता जाता उचलून काखेत मारली होती. मग तिनं मॅडमच्या ओळीखाली स्वतः लिहिलं. सातवी पास आहे ती, अक्षर मोठं आहे.

"फलक मी काढला होता. मीच परत लावला. ब्रश रोज होतील. भी. गजभिये."

मदतनीसानं भेटवहीत लिहायचं नसतं. महिन्याभरानं नोटीस आली, त्यात याचंही वेगळं कलम होतं. उत्तर लिहायला ती माझ्याकडे आली. मी लिहून दिलं, सवयीनं शेवटी 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे' टाकलं. तिनं वाचलं आणि कागद परत केला.

"कोन्या प्रकाराबद्दल?"

"सगळ्याच. तसं लिहायची रीत आहे."

"रीत तुयापाशी ठेव. तंबाखूबद्दल दिलगीर हाये, असं लिही. दोनदा लिही. ब्रशाबद्दल येक अक्षर नाही."

तसं लिहिलं. उत्तर जाऊन सात आठवडे झाले, तिकडून काही आलेलं नाही. मधल्या काळात भीमाबाई एकदा आणखी चुकली, आणि तिनं चादर एका दिवसापुरती उतरवून परत लावली, सांगून, सगळ्यांसमोर. आता तिचा चाळिसावा दिवस चालू आहे. नोकरी राहील की जाईल, तिला माहीत नाही, मलाही नाही. मी तिला विचारलं, काढून टाकलं तर?

"तं सुटी भेटंन," ती म्हणाली. "बाराला येऊन ओट्यावर बसीन. ओटा काय त्यायच्या बापाचा हाये?"